सहा हजार चष्म्यांची राखण

मित्रांनो, माझ्या काळ्या पाठीवर पांढऱ्या नेलपॉलिशने दोनचा आकडा काढलेला आहे. संगणकाला बाहेरून जोडायची मी एक जुनी हार्ड डिस्क, पत्त्यांच्या कॅटाएवढी. हल्ली माझ्या पोटात अधूनमधून टकटक वाजते, म्हणून मला कामावरून मोकळे केले आहे. पण कुरकुर करायला मी बसलेले नाही. माझे आयुष्य चांगल्या माणसांत गेले, तेच सांगायचे आहे.

कारखान्यात माझ्या पोटात चकचकीत तबकडी बसवली, झाकण लावले आणि मला खोक्यात घातले. तेव्हा मी अगदी कोरी होते. मला भरले ते केरळात, पंबा नदीच्या काठी, पुळिक्कडव गावच्या बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात. दुकानाचे मालक औसेप. सारे गाव त्यांना अच्चायन म्हणे, म्हणजे थोरले दादा. पासष्टीचे, भरघोस मिशांचे, डोळे तपासण्यात वाकबगार. भिंगे घासून फ्रेममध्ये बसवायची आणि संगणक सांभाळायचा, ही दोन्ही कामे रमणी करी. ती चाळिशीची, बारीक चणीची आणि तोंडाने फटकळ होती. त्या संगणकात गावाचे डोळे होते म्हणा ना. उजव्याचा नंबर किती, डाव्याचा किती, दोन बुबुळांत अंतर किती, सगळे नावानिशी लिहिलेले.

मला तिथे आणले ते एका विजेने. ऑक्टोबरातल्या एका दुपारी टेलिफोनच्या तारेतून वीज आत शिरली आणि आधीचा संगणक जळाला. चार वर्षांची माहिती गेली. कागदी कार्डे होती, पण निम्मी वाळवीने खाल्लेली. रमणीने तीन महिने बसून उरलेली कार्डे पुन्हा टाइप केली. शेवटचे कार्ड संपले तशी ती उठून मालकांपुढे उभी राहिली.

"अच्चाया, दोन हार्ड डिस्क आणा."

"दोन कशाला? माणसाला डोळे दोन म्हणून ह्याही दोन?"

"हो. एक गेला तर दुसऱ्याने दिसतं. चष्म्याचं दुकान तुमचं, आणि हे मी सांगायचं?"

अच्चायन हसले आणि दोन घेऊन आले. एक नंबर आणि मी. रोज दुकान बंद करण्याआधी संगणकातले सारे आमच्यापैकी एकीत उतरे. ती दुकानाच्या खणात राही. दुसरी टेकडीवर रमणीच्या घरी. दर शनिवारी आमची अदलाबदल होई. सुरुवातीला रमणी आम्हाला जेवणाच्या पिशवीतून नेई. एकदा माशाच्या कालवणाचा डबा सांडला आणि माझ्या कडेला चिंचेचा आंबट रस्सा लागला.

"काय गं, गावाचे नंबरही शिजवलेस का?" अच्चायन म्हणाले.

त्यानंतर मला बिस्किटांचा पत्र्याचा डबा मिळाला.

आमच्याकडे कोणी फारसे बघत नसे. गिऱ्हाईक आरशात बघत, फ्रेमा पारखत, आणि नवा चष्मा लावून खूश होऊन जात. फक्त रमणी महिन्यातून एकदा मला शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात नेई. तिथल्या संगणकाला मला जोडी आणि कुठलीही पाच कार्डे काढून त्यांवरची नावे माझ्यात शोधून बघे. अच्चायनना हे खूळ वाटे.

"कॉपी झाली असं पडद्यावर लिहून येतं ना? मग पुन्हा कशाला बघतेस?"

"लिहून येतं. आपल्या बिलावर 'पुन्हा या' असंही लिहिलेलं असतं. सगळे येतात?"

एका मार्चमध्ये तिने अशीच पाच नावे काढली, तर त्यांतली दोन सापडेनात. पुन्हा शोधले, नाहीतच. संगणकात नवा प्रोग्रॅम घातल्यापासून माहिती दुसऱ्याच ठिकाणी साठत होती, आणि आम्हा दोघींत जुनेच उतरत होते. तीन आठवडे असे चालले होते. मित्रांनो, खरे सांगते, मला त्याचा पत्ताही नव्हता. मी आपली माझ्या पाळीला जबाबदारीने फिरत होते. रमणीने दुपारभर खपून ते निस्तरले. त्या दिवसापासून अच्चायननी तिची थट्टा बंद केली. उलट महिना सरला की तेच विचारत, "पाच नावं बघितलीस का गं?"

त्यानंतरच्या ऑगस्टात पूर आला. आठ दिवस पाऊस थांबला नव्हता. गुरुवारी पहाटे पंबेचे पाणी बाजारात शिरले आणि दहा वाजेपर्यंत दुकानातल्या पंख्याला टेकले. त्या आठवड्यात टेकडीवर राहायची पाळी माझी होती. एक नंबर खणात होती. ती पुढे चिखलात सापडली, पण बोलली नाही.

टेकडीवरच्या शाळेत छावणी उघडली. कोळ्यांच्या होडीतून अच्चायनना तिथे आणले. कमरेला गुंडाळलेले ओले मुंडू, नाकावर चष्मा नाही. साऱ्या गावाला चष्मे देणारा माणूस भिंत चाचपत बाकावर बसला. रमणीने चहा पुढे केला, तो त्यांना दिसला नाही.

"सगळं गेलं, मोळे," लेकीला हाक मारावी तसे ते म्हणाले. "तपासायचं यंत्रही गेलं. आता या लोकांचं काय?"

कारण छावणीत कितीतरी जणांचे चष्मे पाण्यात गेले होते. कोणी सरकारी कागद उलटा धरून बसले होते, कोणाला स्वतःची नातवंडे लांबून ओळखू येत नव्हती. तंकम्मा टीचर त्याच शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. त्यांचा नंबर उणे साडेतेरा. त्यांनी मधुमेहाची गोळी समजून रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली आणि चक्कर येऊन पायरीवरून कोसळल्या. नर्स धावली म्हणून वाचल्या. मोठ्या रुग्णालयाकडे जाणारा रस्ता खचला होता. डोळे तपासणार कोण आणि कशाने?

रमणी घरी आली, तांदळाच्या पिंपावरचा बिस्किटांचा डबा तिने उचलला आणि पदराखाली धरून शाळेत नेला. शाळेचा संगणक जनरेटरवर चालू केला. मला जोडले. पडदा कोराच राहिला.

"काय झालं?" अच्चायननी विचारले. "दिसतंय का काही? बोल ना!"

"थांबा हो, वायर सैल आहे."

तिने वायर काढली, पदराने टोक पुसले, पुन्हा घट्ट बसवली. मी जीव एकवटून फिरू लागले. पडद्यावर नावे उतरली. सहा हजार दोनशे चौदा.

अच्चायननी तोंडावर हात ठेवला. मग म्हणाले, "टीचरचा काढ आधी."

"उजवा उणे साडेतेरा, डावा उणे बारा..."

"मला नको वाचून दाखवू. कोट्टयमला फोन लाव."

कोट्टयम शहरातल्या भिंगांच्या व्यापाऱ्याला रमणी दोन तास फोनवर नंबर सांगत होती. छावणीतल्या एकशे त्रेचाळीस माणसांचे. चौथ्या दिवशी जीपमधून भिंगांचे आणि फ्रेमांचे पहिले खोके आले. वरच्याच पाकिटावरचे नाव रमणीने वाचले तसे अच्चायन चिडले.

"माझा चष्मा? हा कोणी मागवला? लोक थांबलेत आणि..."

"भिंगं बसवणार कोण? मी एकटी? लावा आणि बसा इथे."

त्यांनी चष्मा लावला आणि कामाला बसले. वर्गातल्या बाकांवर दोघांनी मिळून रोज तीस-चाळीस चष्मे तयार केले. टीचरचा सर्वांत शेवटी आला, कारण तितकी जाड भिंगे तयार मिळत नाहीत. अच्चायननी तो स्वतः त्यांच्या कानांवर अडकवला. टीचरनी पापण्या दोनदा मिटल्या, उघडल्या, आणि समोर नीट बघितले.

"औसेप," त्या म्हणाल्या, "दाढी कर आधी. किती भयंकर दिसतोस!"

पूर आल्यापासून तो वर्ग प्रथमच मोठ्याने हसला. अच्चायनही हसले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

पुढे दुकान पहिल्या मजल्यावर गेले. नवा संगणक माझ्यातूनच भरला. त्यानंतर चार वर्षे मी काम केले. टकटक सुरू झाली तेव्हा रमणीने माझ्यातले सारे नव्या जोडीत उतरवले. अच्चायननी चष्मे पुसायच्या मऊ फडक्याने मला पुसले, चष्म्याच्या एका मखमली घरात ठेवले आणि ते शोकेसच्या वरच्या फळीवर मांडले. कोणी विचारले तर ते सांगतात, "ही आमची वडीलधारी."

मित्रांनो, तुम्हाला जे जपावेसे वाटते, मग ते दुकानाचे काम असो की आजोबांचे फोटो, त्याची प्रत काढा आणि ती दुसऱ्या छपराखाली ठेवा. आणि एवढेच करून निर्धास्त होऊ नका. महिन्यातून एकदा ती उघडा, चार नावे वाचा. आमच्यात चूक शिरली तर आम्हाला हाक मारून सांगता येत नाही. कोणीतरी आपणहून विचारावे लागते. मला विचारणारी रमणी मिळाली. सहा हजार माणसांच्या वतीने मी तिचे आभार मानते.