मायलेकींनी वळलेला दोर

मी काथ्या बोलतोय, नारळाच्या सोडणातला. खोबरं तुम्ही खाता आणि मला खाडीच्या पाण्यात कुजत ठेवता. मऊ झालो की दगडावर घालून मोगरीने ठेचता. भुसा गळतो, धागे उरतात. त्यांचीच पायपुसणी, ब्रश, गाद्या आणि दोर होतात. ठेचल्याशिवाय हा कामाचा नाही, असं दोरवाला म्हणायचा. बायकोबद्दलही हेच म्हणायचा.

दोर तो फक्त विकायचा. वळायच्या त्या मायलेकी, कॉलेजातून आल्यावर लेकही. माझा एक लांब तुकडा दारामागे खुंटीला असे. आईच्या पाठीवर तो पडला की वळ उठायचे, कातडीही निघायची. लेकीचा थोरला काका ओट्यावर चहा फुंकत बसे. "हळू रे," म्हणे, शेजारी ऐकतील म्हणून.

त्या दिवशी वाळत घातलेले धागे पावसात भिजले. दोरवाल्याने मला नाही, मोगरीच उचलली. लेकीने त्याचा हात धरला. त्याने तिला केसांना धरून फरफटत ओट्याच्या खांबापाशी नेलं, मला तिच्या मनगटांभोवती आवळलं आणि तो आत आईकडे गेला.

काका म्हणाला, "मोठ्यांच्या मध्ये पडू नये, बाळ."

"तुम्ही पडला असतात, तर मला पडावं लागलं नसतं."

आत हाड मोडल्याचा आवाज झाला. आई ओरडलीसुद्धा नाही.

दोरवाल्याने जन्मात दोर वळला नव्हता. वळणारीला तो कसा उलगडायचा हेही ठाऊक असतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. लेकीने बोटांत धरून मला पिळाच्या उलट फिरवलं. पदर सुटले, गाठ सैल पडली, हात निसटले. तिची सालटी माझ्यात अडकून राहिली.

ती मला घेऊन आत धावली. मोगरी पुन्हा वर गेली होती. लेकीने मागून मला त्याच्या गळ्यात टाकलं आणि ओढलं. त्याची शीर माझ्याखाली फडफडत होती. मोगरी पडली. तरी ती ओढतच राहिली. पीळ गेलेला मी तटकन तुटलो. तेवढ्यावर तो वाचला.

आता काका उठला. भावाला पाणी द्यायला.

लेकीने आईचा मोडका हात ओढणीने बांधला आणि दोघी निघाल्या. मागे वळून कुणी पाहिलं नाही.

मला बाहेर फेकलंय, अंगणात विस्कटून पडलोय. या दोघांना मला वळता येत नाही. ते म्हणे बायकांचं काम. येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी कुणीतरी मला भांडी घासायला उचलून न्या. खरकटं चालेल. रक्त नको.