दहापैकी सहा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. सुताराने मला लाकडी चौकटीत बसवलं, रंगाऱ्याने काळा रंग दिला आणि महाविद्यालयाच्या एका वर्गात माझी रवानगी झाली. तिथे सांख्यिकी शिकवत. आकडे गोळा करून त्यांतून अर्थ काढायचा, असा तो विषय. सर वळणदार अक्षरात सूत्रं लिहीत आणि मुलं मुकाट्याने उतरवून घेत. खडू माझ्यावर लोण्यासारखा फिरतो, असं माझं कौतुक व्हायचं. पुढे मुलांची संख्या रोडावली, कौतुकही आटलं. माझ्या एका कोपऱ्याचा रंग उडाला, तिकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

एके दिवशी विभागप्रमुख बाई सरांना म्हणाल्या, "अभ्यासक्रम नव्याने बसवा, आणि मुलांना बरोबर घेऊन बसवा. पुढच्या वर्षीही मुलं आली नाहीत, तर विषय बंद करावा लागेल."

सरांचा चेहरा पडला. या विषयावर त्यांचा फार जीव होता.

त्यांनी माझ्यावर आराखडा लिहिला आणि मुलांपुढे खडू धरला. मला नवल वाटलं. मुलं माझ्याकडे उत्तरं लिहायला येत; काय शिकायचं, तेही तीच लिहिणार? मला कान असते तर टवकारले असते. खडू या बाकावरून त्या बाकावर फिरला. शेवटी शंकाबाई उठली. सतत प्रश्न विचारते म्हणून तिला हे नाव पडलं होतं. तिने लिहिलं, 'आधी बसथांब्यावर जाऊ आणि बस किती उशिरा येते ते मोजू. सूत्रं मागून.'

सरांनी वाचलं, मान डोलावली आणि सवयीने खाली लिहिलं : दहापैकी सहा.

शंकाबाईने खडू ठेवून दिला. "सर, ही परीक्षा होती का? मला वाटलं, आपण मिळून ठरवतोय."

सर ओशाळले. गुण पुसत म्हणाले, "हाताला खोड लागलीय बघ. बरं, माझ्या आराखड्यात काय खटकतं ते सांग."

"सुरुवातीला नुसती सूत्रंच का?"

सरांनी माझ्यावरचा आपला आराखडा पुन्हा वाचला. "मला तसंच शिकवलं होतं. दुसरं कारण मलाही ठाऊक नाही."

मग मात्र बाकाबाकांवरून हात वर झाले. चांगलीच जुंपली. "आकड्यांवर भरवसा कधी ठेवायचा, ते सूत्राशिवाय कसं कळेल?" असं विचारून सरांनीही सूत्रांची जागा राखली. नुसत्या सूत्रांचा, सरांचा लाडका पहिला धडा तेवढा पुसायचा उरला. शंकाबाईने डस्टर उचललं.

"सर, पुसू?"

"दे इकडे. मीच पुसतो."

नव्या सत्रात बाकं कमी पडली. सर मुलांना घेऊन थांब्यावर गेले, तेव्हा रिकाम्या वर्गातही मला करमत होतं.

मित्रांनो, मला स्वच्छ ठेवा, जमलं तर रंगाचा एक हात द्या. पण कुणी भीत भीत माझ्यावर दोन ओळी लिहिल्या, तर आधी त्या नीट वाचा. गुण काय, नंतरही देता येतात.