चाकूरची करकर

मी पाळणा. करकरलो तर रागावू नका; बोलायचं म्हटलं की माझा आवाज असाच निघतो.

माझा जन्म सीमेपलीकडचा, औरादजवळच्या एका कानडी घरातला. कमलम्मानं आपल्या लेकीला, नीलम्माला, माझ्यातच वाढवलं. नीलम्मा लग्न होऊन चाकूरला आली आणि पहिल्या बाळंतपणानंतर मागोमाग मीही आलो. दुष्काळात तिथं पाण्याचं टिपूस नव्हतं. माझं लाकूड तडकलं. चाकूरच्या सुतारानं बाभळीची नवी खुंटी ठोकली, तेव्हापासून ही करकर. पुढं लातूर जिल्हा वेगळा झाला. घर जागचं हललं नाही, जिल्हा मात्र बदलला. नीलम्माच्या जिभेचंही तसंच झालं. तिला पत्ताच नव्हता.

भावाला मूल व्हावं म्हणून तिनं सोमवार धरले होते. महादेवानं ऐकलं. आता बारशाला आत्यानं पहिलं जोगूळ, म्हणजे पाळणागीत, म्हटलं की तिचं व्रत पुरं होणार होतं. मला बसच्या टपावर टाकून ती माहेरी निघाली.

तिनं दोरी धरली, “जो जो” म्हटलं आणि बायका फिसकन हसल्या. कानडीत तो ज ‘जिवा’तला, नीलम्माच्या तोंडून ‘जोंधळ्या’तला आला. पुढचं बोलणं कानडीतच झालं, पण मी आपलं चाकूरच्या मराठीत सांगतो.

“अक्का पार मराठी झाल्या की,” भावजय लक्ष्मम्मा म्हणाली. “दुसरं कुणीतरी म्हणा.”

नीलम्माच्या हातातली दोरी सैल पडली. एवढे सोमवार केले, आणि शेवटच्या पायरीवर जिभेनंच दगा द्यावा. मी मात्र उरलेला झोका पुरा करत होतो. कर्र, कर्र.

कमलम्मा म्हणाली, “ह्यो पाळणाबी तिकडचंच करकरायलाय. ह्यालाबी खाली उतरवता का? जिथला जोंधळा खाल्ला तिथलाच ज येणार. म्हण गं नीला. महादेवाला समदे ज कळतेत.”

नीलम्मानं डोळे मिटले ते शेवटचं कडवं होईपर्यंत उघडले नाहीत. ज सगळे जोंधळ्याचेच. बाळ मधेच झोपून गेलं.

ती आठवडाभर राहिली, रोज गायली आणि चाकूरला परतली. मी इथंच राहिलो. आता लक्ष्मम्माची पंचाईत झालीय. तिच्या अस्सल कानडी ‘जो’नं लेकरू टक्क जागं राहतं. काल तिनं दाराकडं पाहिलं, कुणी नाही बघून हळूच जोंधळ्याचा ज लावला. लेकराचे डोळे मिटले.

हे मी कुणाला सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका. आणि मला तेल घालाल तर ती बाभळीची खुंटी तेवढी सोडून घाला. चाकूरचं माझ्यापाशी तेवढंच आहे.