पहिल्या भाकरीवरचा ठसा

टप.

बिशायकाका स्तोत्र म्हणताना श्वास घ्यायला थांबले होते, तेवढ्या शांततेत गच्चीवरून तो आवाज आला. मग पुन्हा, टप. मिस्सेत वाटायची प्रभूची भाकर भाजताना काका स्तोत्राखेरीज अवाक्षर बोलत नसत. त्यांनी नुसतीच भुवई वर केली. भट्टीपुढे बसलेल्या युस्तीनाने कान दिला. ओल्या कणकेवर लाकूड आपटतंय. लाकूड म्हणजे... तिने पिठाच्या मडक्यात हात घातला. प्रभूच्या भाकरीवर उमटवायचा लाकडी ठसा काकांनी वापरून झाल्यावर पुसून तिथे ठेवला होता; तो नव्हता.

गेल्या ईस्टरला गावातलं चर्च जमावाने फोडलं, मग पोलिसांनी त्याला कुलूप लावलं. कुणाच्या घरातही प्रार्थनेला जमायचं नाही, हेही तेव्हाच बजावून झालं. युस्तीनाचा नवरा नाशेद, त्याचं दुकान त्याच दिवशी गेलं. आता तो कैरोत लोकांच्या भिंती रंगवतो. पण ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासात दुपारची मिस्सा झाली नाही, असं तिला आठवतच नव्हतं. म्हणून आज पलीकडच्या गावाहून अबूना, म्हणजे पाद्री, यायचे होते, गुपचूप, तिच्याच अंगणात. आज तिचा भाकऱ्या भाजायचा दिवस, धुराचं कुणाला नवल वाटणार नव्हतं. त्यात काकांच्या भाकऱ्या खपून जातील, ही युक्तीसुद्धा तिचीच.

ती धावत गच्चीवर गेली. मातीच्या तबकड्यांवर कणकेचे गोळे उन्हात फुगत होते आणि तिची लेक फेरेना त्यांच्यात उकिडवी बसली होती, नाकाला पीठ लावून.

"आई, बघ! मधला चौकोन येशूचा, भोवतीचे शिष्यांचे. काकांनीच सांगितलंय."

"आधी दे तो इकडे! किती भाकरींवर मारलास?"

"ह्या दोन. आणि ती पहिली."

"कुठली पहिली?"

"उम्म साबिर मावशीची. पहिली भाकर त्यांनाच देतो ना आपण? मग ती छान नको?"

पहिली गरम भाकर शेजारच्या मुसलमान घरी द्यायची, ही सासूपासूनची रीत. धुरानं डोळ्यांतून पाणी वाहत असताना युस्तीनानेच ती फडक्यात गुंडाळून ताटलीतून धाडली होती, वरचा ठसा न पाहताच. आणि ईस्टरच्या दिवशी गल्लीत सगळ्यांत पुढे ओरडत होता तो साबिर, उम्म साबिरचाच मुलगा. त्याने ठसा पाहिला तर आज इथे काय शिजतंय हे त्याला वेगळं सांगायला नको.

खाली येऊन तिने सगळं सांगितलं, तेव्हा काकांनी आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच भट्टीपुढे मौन मोडलं. "अबूनांना निरोप धाडू? येऊ नका म्हणून?"

ती भट्टीकडे बघत राहिली. निरोप धाडला तर आजचा दिवस जाईल. मग पुढचाही जाईल. आणि एक दिवस फेरेनाला हा ठसा म्हणजे नुसतं लाकूड वाटेल. भीती तर होतीच; पण तिचं तिलाच नवल वाटलं, की भीतीच्या आत एक उत्सुकताही चुळबुळत होती. आत्ता, या क्षणी, उम्म साबिरने फडकं उघडलं असेल का? ती काय करत असेल त्या भाकरीचं?

"नको," ती म्हणाली. "काका, तुमची भाकर करपतेय."

"मी करपेन, माझी भाकर करपत नाही," काका पुटपुटले, आणि स्तोत्र सुटलं होतं तिथून पुन्हा धरलं.

थोड्या वेळाने दार वाजलं. उम्म साबिर एकटीच होती. हातात युस्तीनाची ताटली, तिच्यात काकवी; शेजारची ताटली कधी रिकामी परत जात नाही.

"काय गं युस्तीना, पोरीला कणीक मळायला शिकव. सोनारकाम कसलं शिकवतेस?"

युस्तीनाने ताटली घेतली. "मावशी... साबिरनं पाहिली?"

"कडा पाहिल्या. मधला भाग कुठाय म्हणे. म्हटलं, करपला होता, कोंबड्यांना टाकला." तिने हनुवटीवरची काकवी बोटाने पुसली. "मीच खाल्ला, उभ्या उभ्या. त्यावर देवाचं काहीतरी होतं, कोंबड्यांना कसा टाकू?"

"मावशी, आज दुपारी..."

"मी विचारलं का काही? मग तू सांगू नकोस." ती दाराकडे वळली. "आज मी गल्लीच्या तोंडाशी मसूर निवडत बसणार आहे. भारी खडे आहेत मेल्यात, संध्याकाळपर्यंत पुरतील. साबिर तिकडून आला, तर त्यालाही बसवीन निवडायला."

ती गेली. युस्तीनाने हात पुन्हा पिठात घातले. फेरेना ताटलीतली काकवी बोटाने चाटत विचारात पडली होती.

"आई, मधला चौकोन येशूचा ना?"

"हं."

"तो तर मावशींनी खाल्ला."

काकांचं स्तोत्र पुन्हा थांबलं. युस्तीनाने त्यांच्याकडे पाहिलं, पण ते घाईघाईने भट्टीत वाकले.

"मग आता तो साबिरच्या घरी राहायला गेला?"