आत्याबाईंची मान

ग्रीसमास्तरांच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. टेकडीवरच्या रडारची अँटेना बारा सेकंदांत एक फेरी घ्यायची, आणि एकतीस वर्षं तिच्या बेअरिंगांना ग्रीस भरणाऱ्या माणसाला घड्याळ हवं कशाला? अंडं चाळीस फेऱ्यांत उकडायचं, दाढी पस्तीस फेऱ्यांत उरकायची. एकदा दुरुस्तीसाठी अँटेना दोन दिवस थांबवली, तर मास्तरांच्या भाताचा कोळसा झाला. नव्वदावी फेरी कधी होतेय म्हणून वाट बघत बसले होते बिचारे.

अँटेनाला ते आत्याबाई म्हणत. एका जागी ठाण मांडून चहूकडे मान फिरवायची, कोण आलं, कोण गेलं, कोण किती उंचावरून गेलं ते टिपायचं. दुसरं नाव शोभलंच नसतं. तिच्या माथ्यावर एक कावळा राहायचा. जन्मभर गोल फिरून त्याला अशी खोड लागली होती की उडाला तरी सरळ जाता यायचं नाही. घिरट्या घालत टेकडीखाली पोचेपर्यंत त्याची दुपार व्हायची. खोटं वाटत असेल त्यानं कावळ्याला विचारावं.

पूर्वी टेकडीवर आठ माणसं असत. मग विमानं दाखवणारे पडदे खालच्या इमारतीत गेले, पडद्यांमागोमाग माणसं गेली, आणि वर उरले मास्तर, आत्याबाई, नोंदवहीपुरता एक जुना पडदा आणि एक तारेचा फोन. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. कुणाशी बोलायचं म्हटलं तर रविवार उजाडावा लागे. रविवारी चार वाजता लेकीचा फोन यायचा.

त्या फोनची एक तऱ्हा होती. आत्याबाईंचं तोंड खोलीकडे वळलं की रिसीव्हरमध्ये 'किर्रर्र' व्हायचं आणि तेवढ्यात बोललेलं सगळं वाया जायचं. बापलेकीला याची इतकी सवय, की दोघं अकरा सेकंद बोलत आणि एक सेकंद गप्प बसत. मात्र दर रविवारी एकदा तरी लेक नेमकी किरकिरीतच काहीतरी बोलायची.

"बाबा, इकडे... किर्रर्र..."

"काय म्हणालीस ग?"

"काही नाही. राहू दे. गुडघा कसा आहे?"

मास्तरांना न ऐकताच कळायचं. पोरगी राहायला बोलावतेय. ऐकू आलंच नाही, म्हणजे उत्तर द्यायला नको! जावयाच्या घरात हातपाय आखडून कुठे बसायचं? पण बोलावणं आहे, दर आठवड्याला आहे, या गोष्टीची त्यांना ऊब होती. ठेवणीतल्या कोटासारखं ते त्यांनी जपून ठेवलं होतं. लागेल तेव्हा काढू.

आणि लागायची वेळ आली. ट्रकमधून शाळेत असतात तसे चार मोठे चपटे फळे आले आणि शेजारी उभारलेल्या नव्या बुरुजाच्या चार बाजूंना बसले. त्यांच्याबरोबर एक तरुण इंजिनीअरीणबाई आली.

"हे फिरतं कधी?" मास्तरांनी विचारलं.

"फिरत नाही, काका."

"मग बघतं कसं? मान न वळवता?"

"प्रत्येक फळ्यात हजारो बारक्या अँटेना आहेत. कवायतीची रांग आठवा. सगळ्यांनी एकदम पाऊल टाकलं तर रांग सरळ जाते. एका टोकापासून प्रत्येकानं जरा जरा उशिरा टाकलं तर रांग वळते. तसंच. लहर कुणी किती उशिरा सोडायची ते वीज ठरवते, आणि झोत पाहिजे तिकडे वळतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत शंभर ठिकाणी."

"आणि ग्रीस?"

ती हसली, मग मास्तरांचं तोंड बघून हसायची थांबली. "बेअरिंगच नाही, काका."

आत्याबाई बंद म्हणजे ग्रीसवाल्याची जागा बंद, आणि जागा बंद म्हणजे खोली बंद. हुकूम स्वच्छ होता. महिनाभर दोन्ही रडार शेजारी शेजारी चालवायची. नव्यानं काही चुकवलं नाही तर जुनं थांबवायचं, आणि पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी खोली रिकामी.

तो महिनाभर मास्तर दोन पडद्यांसमोर बसून होते. आत्याबाईंच्या पडद्यावर विमान बेडकासारखं उड्या मारत जायचं, बारा सेकंदांना एक. फळ्याच्या पडद्यावर ते लोण्यातल्या सुरीसारखं सरकायचं. फळ्याला पक्ष्यांचे थवे दिसत, सुटलेला फुगा दिसे. विसाव्या दिवशी मात्र मास्तर खुर्चीतून उडाले.

"ओ बाई! हे बघा! पाण्याच्या टाकीच्या अंगाला विमान आहे. आत्याबाईंना दिसतंय, तुमच्या फळ्याला नाही! महिन्यातून एकदा याच वेळी येतं ते. आम्ही त्याला पाहुणा म्हणतो. एकतीस वर्षं वहीत नोंद आहे!"

बाईनं बराच वेळ आकडे ताडून पाहिले. मग अगदी हळू म्हणाली, "काका, तिथे विमान नाहीये. ते आहे पलीकडे, डोंगराच्या बाजूला. आत्याबाईंचा झोत टाकीच्या पत्र्यावर आपटून त्याच्याकडे जातोय आणि त्याच वाटेनं परत येतोय. तुमच्या आत्याबाईंना भास होतोय."

"एकतीस वर्षं?"

"टाकी बांधल्यापासून."

एकतीस वर्षं ज्याची हजेरी लावली तो पाहुणा कधी आलाच नव्हता. मास्तरांनी वही मिटली आणि पुढचे दहा दिवस तिला हात लावला नाही.

शुक्रवारी बटण त्यांनाच दाबू दिलं. आत्याबाई लगेच थांबल्या नाहीत. दोन फेऱ्या रेंगाळल्या आणि दरीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बाई सामान आवरून खाली गेली. कावळा एकदाच ओरडला आणि उडाला. सरळ.

रविवारी चारला फोन वाजला.

"बाबा? अहो, किती स्वच्छ येतोय आवाज!"

"नवीन यंत्र आहे. किरकिर नाही आता."

मास्तर सावरून बसले. आता विचारेल, आपण जरा आढेवेढे घेऊ, मग हो म्हणू. लेक नातवाच्या खोकल्याबद्दल बोलली. गुडघ्याबद्दल विचारून झालं. मास्तर मनात बारा मोजत होते, पुन्हा बारा मोजत होते. विचारणा काही येईना.

"ते दर रविवारी मध्येच काय म्हणायचीस ग तू?" शेवटी त्यांनीच तोंड उघडलं.

 लेकीला आडोशाला आता किरकिर नव्हती.

"म्हणायचे की, बाबा, इकडे राहायला या." मग घाईघाईनं, "मी मोजायचे, बाबा. अकरा झाले की म्हणायचे. तुम्हाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं."

"का ग?"

"ऐकून नाही म्हणाला असतात तर? लहानपणापासून ऐकत आलेय तुमचं नाही. आणि... हो म्हणाला असतात तर? दोन खोल्यांचं घर, सासूबाई, पोरं. पण म्हटल्यावाचून राहवायचंही नाही."

"मग आता म्हण."

रिसीव्हर इतका स्वच्छ होता की तिच्या घरातलं भांडं ठेवल्याचं मास्तरांना ऐकू आलं, आणि लांबून एका बाईचा आवाज: "कोणाचा फोन आहे ग?"

"कोणाचा नाही," लेक म्हणाली. "बाबा आहेत."

मग पुन्हा फोनजवळ येऊन, आवाज खाली घेऊन: "बाबा, पुढच्या रविवारी बोलू या का? घरात जरा विचारते."

"विचार की," मास्तर म्हणाले. "सावकाश विचार. मला कसली घाई?"

"नक्की ना?"

"अगं, खोली आहे, चहा आहे, गुडघा बरा आहे. तू पोराला औषध दे."

तिनं फोन ठेवल्यावर मास्तरांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. मग उठून त्यांनी पलंगाखालची ट्रंक बाहेर ओढली. शनिवारला सहा दिवस होते, लेकीच्या फोनला सात, आणि सामान तर आवरायला एका दिवसाचंही नव्हतं.