येतंय हां!

मी वॉकी-टॉकी बोलतोय. हो, तोच तो, हातात मावणारा, डोक्यावर काळी शेंडी आणि कुशीत एक बटण असलेला. बटण दाबलं की तुम्ही बोलायचं, सोडलं की समोरच्याने. दोघांनी एकदम बोललेलं मला चालत नाही. तुम्हा माणसांना ही शिस्त फार जड जाते, हे मी आल्या दिवशीच ओळखलं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. पहिली आठवण आहे ती लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातल्या काचेच्या कपाटाची. मी आणि माझा जुळा भाऊ एकाच खोक्यात होतो. आमच्या शेजारी एक ऐटबाज रेडिओ-स्कॅनर बसायचा. त्याला दुनियेभरच्या लहरी ऐकू यायच्या म्हणे, आणि त्याचा त्याला कोण तोरा! आम्हा दोघांकडे तो ढुंकूनही बघायचा नाही.

एके दिवशी स्वप्नील आला, सोबत त्याची आई. आईचं नाव गंगुबाई. मूळच्या मालवणकडच्या, सारी हयात भोईवाड्यातल्या चाळीत गेलेली. आता त्या चाळीच्या जागी टॉवर झाला होता आणि हे कुटुंब उंच मजल्यावर राहायला गेलं होतं. नव्या घरात सगळं छान होतं, फक्त लाइट गेले की लिफ्ट बंद आणि मोबाइल मुका. असंच एकदा दिवसभर लाइट गेले, तेव्हा खाली जाऊन लेकाला गाठू म्हणून गंगुबाई निघाल्या आणि दोन मजल्यांमध्येच जिन्यावर बसून राहिल्या. स्वप्नीलला त्या तशा, अंधारात, पायरीवर सापडल्या. त्या दिवसापासून त्याच्या जिवाला घोर लागला होता.

स्वप्नीलची नजर आधी स्कॅनरवर गेली. "हा भारी दिसतो. सगळं ऐकू येतं ना यावर?"

"ऐकू येतं, पण बोलता नाही येत," दुकानदार म्हणाला. "शिवाय असल्या वस्तूला परवाना लागतो का, काय ऐकायची मुभा आहे, ते आधी बघा."

गंगुबाईंनी पदर सावरला. "नुसता आयकता? बोलणा नाय? असलो एक जन्मभर माझ्या घरात होतो रे. तुझो बापूस. आणखी एक कित्याक व्हयो?"

दुकानदार खो खो हसला. स्कॅनरचा चेहरा अगदी बघण्यासारखा झाला होता. मला मात्र ही बाई तिथेच आवडली.

मग आमची पाळी आली. स्वप्नीलने खोक्यावरचा आकडा वाचला, इतके किलोमीटर वगैरे. दुकानदार म्हणाला, "ते मोकळ्या मैदानावर. तुमच्याकडे भिंती आहेत, लोखंड आहे. घरापासून दुकानापर्यंत पोचलं तरी खूप. नाही पोचलं तर परत आणा." आमची ताकद बेताची, म्हणून आम्हाला परवाना लागत नव्हता. आम्ही साध्या सेलवर चालायचो, म्हणजे लाइट गेले तरी चार्जिंगची चिंता नव्हती. पण खरा निकाल गंगुबाईंनी दिला. त्यांनी शेजारच्या दोन-तीन जोड्यांची बटणं दाबून बघितली, नाक मुरडलं, आणि माझ्या बटणावर अंगठा ठेवला. बटण मोठं होतं, सांधे दुखणाऱ्या अंगठ्यालाही दबणारं. "ह्यो बरो," त्या म्हणाल्या. माझी निवड ही अशी, अंगठ्यावर झाली.

मी गंगुबाईंकडे राहिलो, भाऊ स्वप्नीलकडे. टॉवरच्या मागच्या गल्लीत त्याचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान होतं. तिथवर आमचा आवाज पोचायचा, थोडा खरखरत, पण पोचायचा. स्वप्नीलने आईला शिकवलं, आधी बटण दाब, एक श्वास घे, मग बोल. आणि बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हण.

"ओव्हर म्हणजे काय?"

"म्हणजे संपलं."

"संपला काय मेल्या! तिन्हीसांजेक असा बोलतत? घरातसून भायर पडताना तरी आपण 'जातंय' म्हणतो काय?"

खरंच आहे. तुमच्यात निघणारं माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतं. मी परका, मला आधी याचं भारी नवल वाटलं. पाठ फिरवून चाललेला माणूस सांगतो काय, तर येतो! पण गंगुबाईंनी तोच नियम मला लावला. बोलणं संपलं की त्या म्हणायच्या, "बरां, येतंय हां," म्हणजे 'येते हं'. आणि लगेच माझा कान पिरगाळून मला बंद करायच्या, सेल वाचावेत म्हणून. फुकट जळणारा दिवा आणि फुकट चालू असलेलं यंत्र, दोन्ही त्यांना सोसायचं नाही.

आणि गंमत बघा, त्या खरोखर यायला निघाल्या की 'येतंय' कधीच म्हणायच्या नाहीत. दारावरची बेल वाजली की स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "इलंय, इलंय!" म्हणजे आले, आले. अजून हात पिठात असायचे, उठल्यासुद्धा नसायच्या, तरी आल्या! स्वप्नील मुंबईत वाढलेला, तो 'आलो आलो' म्हणायचा. दुपारी जेवायची हाक माझ्यातूनच जायची. "जेवूक ये रे." "आलो आलो." त्यानंतर आमटी दोनदा गरम व्हायची, तेव्हा कुठे साहेब उगवायचे. त्याची बायको प्राची नर्स होती. तिची ड्युटी नसली की ती हसत म्हणायची, "आई, यांच्या 'आलो'ला तुम्ही भुलू नका."

समोरच्या दारात नलूताई राहायच्या. जुन्या चाळीत दोघींची भिंतीला भिंत होती. नव्या इमारतीत दारं लागलेली असतात, पण या दोघींची सदा उघडी. नलूताईंचे गुडघे गेलेले, वॉकर धरून घरातल्या घरात फिरायच्या, तेवढंच. मुलगा पुण्याला. त्यांना भाजी निवडायला द्यायची आणि वर चार गोष्टी सांगायच्या, ही गंगुबाईंची दुपार.

अशाच एका दुपारी खाली मीटरच्या खोलीत आग लागली.

आधी लाइट गेले. मग जळक्या रबराचा वास आला. गंगुबाईंनी मला चालू केलं, तेवढ्यात स्वप्नीलचा आवाज आला. "आई, ऐकतेस? खाली धूर झालाय. जिना अजून मोकळा आहे. आत्ताच्या आत्ता उतर!"

गंगुबाई मला हातात घेऊन बाहेर आल्या. जिन्याकडे नाही, समोरच्या दारात. नलूताई खुर्चीत बसून होत्या, चेहरा पांढराफटक.

"तू जा गं गंगू. माझ्याच्याने नाही व्हायचं."

"गप बस."

गंगुबाईंनी दार लावलं आणि माझ्या तोंडाशी तोंड आणून भडाभडा बोलल्या, "नलूक चलाक जमणा नाय, तिका टाकून मी येवचंय नाय, आमी दोगीय हयच बसलंव, कोणाक तरी वर धाड!" अहो, पण बटण! इतक्या दिवसांची शिकवण त्या घाईत पार विसरल्या होत्या. सगळं बोलून झालं आणि मग अंगठ्याला आठवण झाली. बटण दबलं, आणि त्यातून एवढंच गेलं, "येतंय हां."

आणि सवयीने त्यांनी मला बंद केलं.

मी काय करणार? मला सगळं माहीत होतं आणि मला अंगठा नाही. त्या दिवसाइतका स्वतःचा राग मला कधी आला नाही. गंगुबाईंनी बादलीत साड्या भिजवल्या, दाराच्या फटीत कोंबल्या, नलूताईंची खुर्ची खिडकीशी ओढली आणि स्वतः तिच्या पायाशी बसल्या. "झील येतलो," त्या म्हणत होत्या. झील म्हणजे मुलगा. येईल तो. पदर नाकाशी धरून त्या हेच परत परत सांगत होत्या.

खाली काय चाललं होतं ते मला भावाने नंतर सांगितलं. 'येतंय हां' ऐकून स्वप्नीलचा जीव भांड्यात पडला होता. फायर ब्रिगेडचे जवान आले, तेव्हा ऑफिसरने विचारलं, वर कोणी म्हातारं माणूस? स्वप्नील म्हणाला, "माझी आई आहे, पण ती येतेय." जवान इतर मजल्यांकडे गेले. स्वप्नील जिन्याच्या तोंडाशी उभा. माणसं खोकत उतरत होती. त्याने भावाचं बटण दाबून कितीदा हाक मारली, उत्तर नाही. तो स्वतःला समजावत होता, दोन्ही हात कठड्याला असतील, बटण कशी दाबेल?

तेवढ्यात एक माणूस त्याच्या शेजारी येऊन जिन्यात बघून बायकोच्या नावाने ओरडला. आतून, धुरातून, बाईचा आवाज आला, "आले, आले!" आणि खरंच मागोमाग ती मुलाला कडेवर घेऊन बाहेर पडली.

भाऊ सांगतो, स्वप्नील तिथून तडक धावला. त्याने ऑफिसरची बाही धरली.

"साहेब, आई येत नाहीये."

"अहो, आत्ता तर म्हणालात येतेय!"

"ती 'येते' म्हणाली, साहेब. 'आले' नाही म्हणाली."

दुसऱ्या कुठल्या मुलखातला माणूस असता तर त्याला वाटलं असतं, याचं डोकं फिरलं. पण ऑफिसर इथलाच. त्याने एकच विचारलं, "निघताना म्हणतात तसं?"

"हो."

"मजला सांगा," तो म्हणाला, आणि वळून जवानांना हाक दिली.

नलूताईंना त्यांनी खुर्चीसकट उतरवलं. गंगुबाई जवानाच्या खांद्यावर होत्या, बेशुद्धच म्हणा ना, पण मुठीत मी होतो. ती मूठ सोडवायला प्राचीला हॉस्पिटलात बोटं एकेक करून उघडावी लागली.

घरी परतल्यावर प्राचीने नियम केला. "आई, यापुढे यावर 'येते' म्हणायचं नाही. 'बंद करते' म्हणायचं. आणि हा कायम चालू ठेवायचा."

"बंद करतंय? ह्यां काय दुकान हा?"

"आई!"

"बरां गो बाय. पण घरातसून भायर पडताना मी येतंयच म्हणतलंय."

त्यांनी तो नियम पाळला, अगदी शहाण्या मुलीसारखा पाळला. रोज दुपारी, आधी बटण, मग श्वास, मग "जेवूक ये रे," आणि शेवटी, थोडं रुसून, "बंद करतंय." पण आता तो श्वासच अपुरा पडायचा. धुराने म्हणा, वयाने म्हणा, त्या दिवसेंदिवस बारीक होत गेल्या. मग खिडकीजवळची खाट, आणि वॉकर ढकलत या घरातून त्या घरात यायचं काम नलूताईंकडे आलं. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. त्याचा अर्थ घरात सगळ्यांना कळला होता, त्यांनाही.

त्या दुपारी नलूताई उशाशी बसल्या होत्या. गंगुबाईंनी खूण केली, मला हातात घेतलं. बटण दाबलं. बराच वेळ नुसता श्वास गेला.

"स्वप्नील."

"बोल आई."

"जेवण झाकून ठेवलेला हा."

"आलो आलो."

"सावकाश ये." मग थांबल्या. मला वाटलं, आता 'बंद करतंय' येणार. त्यांचा अंगठा माझ्यावर तसाच होता, हलका, उबदार. "बरां," त्या म्हणाल्या. "येतंय हां."

नियम मोडला होता. पहिल्यांदाच. नलूताईंनी तोंडाला पदर लावला.

पलीकडे स्वप्नील कुणाचा तरी मिक्सर उघडून बसला होता. तो तसाच टाकून उठला, दुकान उघडं टाकून पळाला. लिफ्ट वर अडकलेली होती, तो थांबला नाही, जिन्याला लागला. आणि सगळ्या जिनाभर त्याने भावाचं बटण दाबून धरलं होतं. बटण दाबलेलं असलं की समोरचं ऐकू येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. पण त्याला ऐकायचं नव्हतं, ऐकवायचं होतं. माझ्यातून त्याचा दम लागलेला आवाज खोलीभर येत होता, "इलंय, आई! इलंय! इलंय!"

जन्मभर 'आलो आलो' म्हणून रेंगाळणारा तो पोरगा आईच्या बोलीत ओरडत येत होता. नलूताईंनी मला गंगुबाईंच्या कानाशी धरलं. त्यांच्या तोंडावर हसू आलं, मी पाहिलं.

तो दारात येऊन उभा राहिला तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते.

"इलंस?" त्या म्हणाल्या.

तेवढंच.

आता मी नलूताईंकडे असतो, खिडकीशी, एका खिळ्याला टांगलेला. शेंडी थोडी वाकली आहे, बटणावरचं काळं रबर एका जागी गुळगुळीत झालंय. स्वप्नील स्वतः येऊन माझे सेल बदलतो, आणि बदलताना त्या गुळगुळीत जागेवर अंगठा ठेवून जरा वेळ उभा राहतो. मला वाईट वाटतं, पण ते मी सांगू कुणाला? रोज दुपारी तो नलूताईंना हाक मारतो. त्या म्हणतात, "बरी आहे रे. जेवलास का?" तो म्हणतो, "आलो आलो," आणि खरंच येतो, डबा घेऊन.

तुम्ही माझ्यासारखा एखादा घरात आणाल तर एवढं करा. खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका, ज्याच्या हातात राहणार त्याचा अंगठा आधी बघा. सेल जपण्यापायी मला बंद करू नका. बटण दाबा, श्वास घ्या, मग बोला. आणि घरातलं म्हातारं माणूस 'येते' म्हणालं, तर कामात डोकं खुपसून 'हो हो' म्हणू नका. मान वर करून बघा, ते कुठे निघालंय.

माझं बोलून झालं. 'येतो' म्हणावंसं फार वाटतंय, पण प्राचीचा नियम आहे. बंद करतो.