खालचा थर

चेंदणी कोळीवाड्यात हळद असली की आमंत्रण द्यायला आलेल्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा, “ढोलकीवर गोमाजी हाय ना?” कीबोर्डवर कोण आहे हे कुणी विचारत नसे. कीबोर्डवर गोमाजीचा भाचा चंदू असायचा, आणि हा प्रश्न त्याला दरवेळी झोंबायचा.

वाजवायचा मात्र झकास, हे मान्य करायला हवं. नव्वद सालानंतर ते यंत्र मांडवामांडवात शिरलं, पण आवाजावर आवाजाचे थर लावावेत ते चंदूनेच. आधी नुसती बारीक टिकटिक. लोक अंगठ्याने ठेका धरतात न धरतात, तोच खालून धमधम. मग टाळ्या. त्यावर मामाची ढोलकी, आणि शेवटी सूर. ऐन रंगात आलं की तो सगळं बंद करायचा. ढोलकी एकटी घुमायची, बायका पदर खोचायच्या, आणि सगळे थर पुन्हा एकदम उसळायचे.

गोमाजीचे कान गेले होते. हे त्याने फक्त चंदूला सांगितलं होतं. “पोरा, मना आयकू येत नाय. कोनाला सांगू नको.” धमधम त्याला पायातून कळायची. ढोलकी एकटी असली की तो कीबोर्डवरच्या लाल बत्तीकडे बघून वाजवायचा. बत्ती लुकलुकली की सम. आवाज बंद केला तरी बत्ती चालूच राहते, हे चंदूनेच त्याला दाखवलं होतं. बिचारा किती खूश झाला होता!

एका हळदीला उन्हं अजून मांडवावर होती. चंदूने थर चढवले, आवाज शून्यावर आणला, ढोलकी एकटी सोडली. आणि बोटाने गुपचूप वेग वाढवला. बत्ती भराभर लुकलुकली, मामाचा हात धावला. चंदूने वेग पाडला, हात लंगडला. पुन्हा वाढवला. नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकले. गोमाजीच्या कपाळाला आठी पडली. एवढ्या वर्षांचा मुरलेला हात सांगत होता की चुकतंय. त्याने चंदूकडे पाहिलं. चंदूने मान डोलावली, आणि त्या भल्या माणसाने स्वतःच्या हाताऐवजी भाच्यावर विश्वास ठेवला.

“म्हातारा फुल टाइट हाय रे!” कुणीतरी ओरडलं. मांडव खदाखदा हसला. ज्याने उभ्या जन्मात थेंब घेतला नव्हता, तो त्या हसऱ्या तोंडांकडे बघून स्वतःही हसला. चंदूला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. शरम कशाशी खातात हे त्या नालायकाला ठाऊक नव्हतं.

गोमाजीची बायको आवडाबाई हळदीने माखलेल्या हातांनी बायकांतून उठली आणि तिने नवऱ्याची दोन्ही मनगटं धरली.

“हात सोर गो, ताल जाईल!”

तिने सोडले नाहीत. चंदूने नेमकी वेळ साधली. सगळे थर एकदम सोडले, आणि या खेपेला ढोलकीसुद्धा कीबोर्डच्या बटणावरचीच. मांडव बेभान नाचायला लागला.

गोमाजी नाचणाऱ्या पायांकडे बघत राहिला, मग बायकोच्या मुठीतल्या आपल्या हातांकडे.

“मंग ढोलकी कोन वाजवतंय?” त्याने विचारलं.